कोपऱ्यातली पेटी

बाळाचं पोट फुगलं ते पाचव्या दिवशी. तोवर तामोऱ्यांच्या घरातली माणसं एकमेकांशी बरी वागत होती.

कमलाकांतची बायको जमना आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी दीड किलोचीही भरली नाही. तरी ती रडली, तिनं मूठ वळली, नळीतून दिलेलं चमचाभर दूध पोटात ठेवलं, आणि एवढ्यावर सगळे खूश होते. बोईसरच्या त्या इस्पितळात अशा बाळांसाठी एक काचेची खोली होती. आत चार पेट्या, त्याही काचेच्या. कमलाकांत कारखान्यातली पाळी संपली की थेट तिथं येई आणि बाहेरच्या काचेला नाक लावून उभा राही. त्याची आई गोदूबाई दातिवऱ्याहून एसटीनं सफाळ्याला आणि तिथून गाडीनं बोईसरला आली. सोबत थोरली मुलगी हंसा. तिच्या डोक्यावर तांदूळ आणि बाळंतिणीला दूध यावं म्हणून सुकी मुशी मासळी.

हंसा मात्र काचेपर्यंत गेली नाही. ती व्हरांड्याच्या टोकाला, जिन्यापाशी बसली. तिला तसं सांगावं लागलं नाही. बाहत्तर साली, दुष्काळाच्या उन्हाळ्यात, तिचं पहिलं मूल नवव्या दिवशी पोट फुगून गेलं होतं. वर्षाच्या आत नवऱ्यानं तिला माहेरी धाडलं आणि दुसरी केली. गोदूबाईनं लेकीला घरात घेतलं, पण लोक विचारू लागले तेव्हा एकदा बोलून गेली की पोरीच्या अंगातच काहीतरी हाय, तिच्या हातातलं पोर जगत नाय. आईच असं म्हणाली, मग गावाला विचारायला काही उरलं नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. थोरल्या भावाच्या, वामनच्या, तिन्ही पोरांची बारशी हंसानं मागच्या दारी भांडी घासत ऐकली. बाळांपासून लांब राहायची तिच्या अंगाला सवय लागली होती.

पाचव्या दिवशी सकाळी सिस्टर सुगंधा बाहेर आली आणि जमनाला म्हणाली, "दूध काढू नका आता. डॉक्टर बोलतील."

डॉक्टर म्हणजे चंद्रकांता शहा. सगळे त्यांना शहाबाई म्हणत. त्या बाहेर येऊन भिंतीला टेकल्या.

"आतड्याला सूज आलीय," शहाबाई म्हणाल्या. "ओकारी हिरवी झाली, शीमधे रक्त दिसलं. दिवस भरायच्या आधी आलेल्या बाळांना होतं असं. आतडं ओल्या कागदासारखं असतं त्यांचं. दूध बंद ठेवायचं."

"उपाशी ठेवनार?" गोदूबाईनं विचारलं.

"शिरेतून देतेय पाणी, साखर, औषध. आतड्याला विसावा मिळाला तर सावरेल. मला भीती दुसरीच आहे. आतड्यात प्रत्येकाच्याच जंतू असतात. भिंत विरली की ते पलीकडे रक्तात उतरतात. तसं झालं तर मग सगळं अवघड."

"मंग आता?" कमलाकांत म्हणाला.

"आता तिला दुसऱ्या पेटीत हलवते. मधलीची ऊब कमीजास्त होतेय. कोपऱ्यातल्या पेटीचं यंत्र त्यापेक्षा चांगलं आहे."

व्हरांड्यात बसलेल्या दुसऱ्या बायका एकाएकी गप्प झाल्या. डहाणूकडची एक म्हातारी होती, नातवासाठी आलेली. शहाबाई आत गेल्यावर ती गोदूबाईकडे सरकली.

"कोपऱ्यातली नका घेऊ, बाई. ह्या महिन्यात दोन गेली त्या पेटीतून. दुसरं परवाच. त्याचं बी आतडंच व्हतं."

"कुनाचं?"

म्हातारीनं नुसती हनुवटी हलवली. काचेच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर कोपऱ्यासमोर, एक बाई उभी होती. हिरवं लुगडं गुडघ्यापर्यंत, केस मोकळे. तिच्या चोळीचा पुढचा भाग ओला होता आणि त्यावर आणखी ओल येत होती. उमरोळीच्या एका पाड्यावरची, नाव लाडकी. पोर गेलं, पुरलं, आणि दुसऱ्या सकाळी ती परत येऊन तिथंच उभी राहिली होती. ती रडत नव्हती आणि कुणाशी बोलतही नव्हती. तिला हाकलायला वॉर्डबॉयचीसुद्धा जीभ रेटत नव्हती.

सिस्टर सुगंधानं जमनाच्या मुलीला नळ्यांसकट उचलून कोपऱ्यातल्या पेटीत ठेवलं, तेव्हा लाडकी एक पाऊल पुढं आली. तिच्या श्वासानं काचेवर वाफेचा गोल उमटला. गोल विरला की ती पुन्हा तिथंच श्वास सोडी.

"ती बाई आपल्या पोरीवर डोळा ठेवून हाय," गोदूबाई दबक्या आवाजात म्हणाली. "तिचं रिकामं झालं ना. आता ती आपलं घेऊन जायला उभी हाय."

हंसानं ते ऐकलं. हेच शब्द, याच आवाजात, तिच्याबद्दल बोललेले तिनं स्वयंपाकघराच्या भिंतीआडून ऐकले होते.

*

काचेच्या खोलीत आईला जाता येई, सोबत घरातली आणखी एक बाई. हात धुवायचे, हिरवा झगा घालायचा, तोंडाला फडकं बांधायचं. इतके दिवस जमनाबरोबर गोदूबाई जात होती. त्या दुपारी जमना जिन्यापाशी आली आणि हंसासमोर उकिडवी बसली. ओल्या बाळंतिणीला तसं बसताना दुखत होतं, ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"वन्सं, तुमी चला माझ्यासंगती."

"मी?"

"आत्याबाई आत आल्या की सारखं पुटपुटतात. ती जगनार नाय असं धरूनच बसल्यात त्या. मला भीती वाटते त्यांची."

गोदूबाईनं मागून ऐकलं होतं. "जमने, डोकं ठिकानावर हाय का तुझं? हिला आत नेतेस?"

"नेते."

"कमलाकांता, बोल की काय."

कमलाकांत दोघींच्या मधे उभा होता. एका हातात औषधाची चिठ्ठी, दुसऱ्या हातात जेवणाचा डबा. "आये म्हनते तर..." त्यानं सुरुवात केली.

"पोर माझी हाय," जमना म्हणाली. "तिच्यापाशी कोन बसनार ते मी सांगनार."

लग्नाला चार वर्षं झाली होती. एवढ्यात जमना सासूला कधी असं बोलली नव्हती. गोदूबाईनं पदर तोंडाशी धरला आणि मान फिरवली. कमलाकांत डबा घेऊन खाली निघून गेला.

हंसा झगा घालून आत गेली. आत गरम होतं. यंत्रांचा एकसारखा आवाज, मधूनच टिकटिक, आणि तीन बाळं असूनही एकाचाही रडण्याचा आवाज नाही. कोपऱ्यातल्या पेटीच्या भिंतींवर आतून दव धरलं होतं. दवापलीकडे मुलगी पडलेली. डोक्याच्या शिरेत सुई, नाकात नळी, नळीतून हिरवं पाणी थेंबथेंब बाहेर येतंय. पोट एवढं ताणलेलं की कातडीखालच्या निळ्या शिरा मोजता याव्यात. डोळे उघडे होते. ती हंसाकडे पाहत होती, की हंसाच्या मागच्या काचेतून पाहणाऱ्या त्या बाईकडे, कळत नव्हतं.

आणि मग वास आला.

गोड. पिकून झाडाखाली पडलेल्या ताडफळाला दोन दिवसांनी येतो तसा, गोड आणि जरासा उतरलेला. दवाखान्यात अशा वासाचं काही कारण नव्हतं. हंसानं जमनाकडे पाहिलं. जमनाचं नाक रडून रडून चोंदलेलं.

हा वास हंसा ओळखत होती. नवव्या दिवशी सकाळी तिनं आपल्या पोराच्या बेंबीवरचं फडकं सोडलं होतं, तेव्हा त्यावर हिरवट डाग होता, आणि डागाला हाच वास. दुपारी पोर गेलं. फडकं तिनं कुणाला न दाखवता वाळूत पुरलं होतं. वासाबद्दल ती कुणाशीच बोलली नव्हती, आईशीसुद्धा नाही. आता एकोणीस वर्षांनी तो तिच्या आधीच इथं येऊन बसला होता.

*

ती बाहेर आली आणि नळावर जाऊन हात धुतले. हुंगले. पुन्हा धुतले. कमलाकांतच्या चाळीतल्या खोलीवर जाऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, लुगडं बदललं, नखं दगडावर घासली. अंगाला फक्त साबणाचा वास येत होता. दुसऱ्या दिवशी ती परत आत गेली. पेटीजवळ तोच गोड वास, कालच्यापेक्षा दाट.

मग तिला वाटू लागलं, आपण नेतोय तो. आये म्हणाली होती ते खरं असणार. माणसाला स्वतःचा वास येत नाही, असं म्हणतात. मग आपल्याला हा कसा येतो, एवढंच तिला उमगत नव्हतं. तिसऱ्या दिवशी मंगळवार होता, बाजाराचा दिवस. ती इस्पितळात गेलीच नाही. बोईसरच्या बाजारात ओळखीच्या कोळणीजवळ बसून तिची सुकट विकत राहिली. उन्हात सुकटीच्या वासात बसल्यावर तिला बरं वाटलं. दुसरा कुठलाच वास तिथं टिकला नसता.

संध्याकाळी परत आली तर व्हरांड्यात गोदूबाई जमिनीवर बसलेली, कमलाकांत भिंतीकडे तोंड करून उभा.

"काय झालं?"

कमलाकांत भिंतीलाच सांगितल्यासारखं म्हणाला, "दुपारी श्वास थांबला तिचा. सिस्टरनं टाचेवर टिचक्या मारून परत आनला. अंग गार पडलंय. कातडी अशी... चट्ट्याचट्ट्याची झालीय. रक्तात जंतू गेले म्हनतात."

"शहाबाई काय म्हनतात?"

"रक्त मुंबईला धाडलंय. कुठला जंतू ते कळायला तीन दिवस. तोवर अंदाजानं औषध."

गोदूबाईनं वर पाहिलं. "तू आत गेलीस, हंसे. दोन दिस गेलीस."

हंसा स्वतःही तेच मोजत होती. कमलाकांतनं आईला गप्प केलं नाही. हे हंसाला आईच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं. या भावाला तिनं कडेवर वाढवला होता, तिचं लग्न व्हायच्या आधी.

"आये," कमलाकांत हळूच म्हणाला, "तू भगताचं बोलत व्हतीस. पोरीला घरी न्यायचं का?"

"नेऊ. उद्याच नेऊ. इथं त्या पेटीत ती जायचीच हाय."

"सुई काढली की रस्त्यात मरेल ती," जमना म्हणाली. ती काचेशी उभी होती. या सगळ्यात तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "सफाळ्यापर्यंत बी नाय पोचनार. तुमी दोघं जा भगताकडं. मी इथंच हाय."

*

सकाळी हंसा आली तेव्हा काचेशी लाडकी एकटीच होती. जमना आत, बाकीचे खाली चहाला. हंसा जिन्यापाशीच थांबली. ती बाई मान न वळवता बोलली.

"तुला बी येतो ना?"

हंसा दोन पावलं पुढं आली. "काय येतो?"

"वास. गोड. मी बघितलं तुला. परवा तू आत व्हतीस, तवा तू नाक असं केलंस." लाडकीनं नाकपुड्या आवळून दाखवल्या. "माझा पोरगा त्या पेटीत ठेवला, आनि दुसऱ्या दिशी मला वास आला. आधीच्या पेटीत नव्हता. मी सिस्टरला बोलली. ती बोलली, तुझ्या दुधाचा असंल. मंग मी घरी बोलली. सासू बोलली, तुझ्या अंगाचा."

"आनि आता? इथं बाहेर येतो?"

"नाय. बाहेर कसा येनार? काच हाय." लाडकी पहिल्यांदा वळली. तिचे डोळे कोरडे होते, इतके कोरडे की पापण्या मिटताना अडकतायत असं वाटे. "म्हनून तर उभी हाय. आत माझं कोन नाय, म्हनून मला सोडत नायत. वास हाय की गेला, ते मला बघायचं व्हतं. माझ्यासंगती गेला असंल तर माझा. तिथंच असंल तर माझा नाय."

हंसा तिच्याकडे पाहत राहिली. चार दिवस ही बाई तिथं एवढ्याचसाठी उभी होती, आणि सगळ्यांना वाटत होतं ती दुसऱ्याचं पोर न्यायला आलीय.

"तिथंच हाय," हंसा म्हणाली. "तू आत न जाता तिथंच हाय."

तिचं तिलाच ते ऐकू आलं. आपण यायच्या आधीही तो इथं होता. मग ती हात धुवायच्या नळाकडे चालू लागली, झगा घातला आणि आत शिरली. सिस्टर सुगंधा पेटीशी होती, शहाबाई बाळाच्या छातीवर नळी टेकवून ऐकत होत्या.

"बाई, या पेटीत वास हाय," हंसा म्हणाली.

"फिनेलचा असेल," सिस्टर म्हणाली. "आता नको हं, मावशी. बाळ सिरीयस आहे."

"मी वीस वरसं सुकी मासळी विकते. टोपलीच्या तळाला एक मासा बिघडला तर वरूनच मला कळतं. हा वास बाळाचा नाय. खालून येतो."

शहाबाईंनी कानातली नळी काढली. त्यांच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. त्या बाजूला झाल्या. हंसा गुडघ्यांवर बसली आणि पेटीच्या अंगानं नाक नेत खाली गेली. गादीशी वास पातळ होता. खाली पत्र्याचं एक झाकण होतं, तिथं तो नाकात घुसला.

"हितं काय असतं?"

"पाणी," सिस्टर म्हणाली. "हवा कोरडी पडू नये म्हणून. त्याची वाफ आत जाते."

"कोण भरतं?" शहाबाईंनी विचारलं.

"मी. रोज भरते, बाई. कमी झालं की वरून टाकते."

"रिकामं करून धुता ना आधी?"

सिस्टर सुगंधानं झाकणाकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत गेला.

त्यांनी आधी मुलीला दुसऱ्या पेटीत नेलं. मग शहाबाईंनी स्वतः ते झाकण ओढलं. पाणी स्वच्छ दिसत होतं. पण कडेला बोट लावलं तर बोटाला शेवाळासारखं बुळबुळीत, निळसर हिरवं लागलं, आणि सगळ्या खोलीत पिकल्या फळांचा वास पसरला. आता तो सगळ्यांना आला. पलीकडच्या बाळाच्या आईनं नाकाला पदर लावला. हंसानं वर पाहिलं तर काचेबाहेर लाडकी नव्हती. काचेवरचा वाफेचा गोल तेवढा अजून विरायचा होता.

*

ती पेटी त्याच दिवशी तळघरात गेली. कोपऱ्यात तिच्या चाकांचे चार डाग राहिले. सिस्टर सुगंधा तिथून जाताना डाग टाळून पाऊल टाकी.

तिसऱ्या दिवशी मुंबईचे कागद आले. शहाबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. हंसालाही, नाव घेऊन.

"पाण्यातला जंतू आणि त्या उमरोळीच्या बाळाच्या रक्तातला जंतू एकच निघाला," त्या म्हणाल्या. "आधीच्या बाळाचंही तेच असणार, त्याचं रक्त तपासलं गेलं नव्हतं. त्या दोघांची आतडी आधीच दुबळी होती. त्यात हे."

"आनि आमच्या पोरीचं?" जमनानं विचारलं.

"तुमच्या मुलीच्या रक्तातला जंतू वेगळा आहे. तो पाण्यातला नाही. तिच्याच आतड्यातून उतरलाय, मी पहिल्या दिवशी म्हणाले होते तसा. त्यावर कुठलं औषध चालतं ते आता कळलंय. कालपर्यंतचं चुकीचं होतं. आज सकाळी बदललं."

"म्हंजे पेटीमुळं नाय झालं तिला?" कमलाकांत गोंधळला.

"नाही. पण आणखी दोन दिवस त्यात राहिली असती तर दुसराही जंतू चढला असता, आणि दोन्ही मिळून तिला पेलले नसते." त्यांनी हंसाकडे पाहिलं. "तुमच्यामुळं ते टळलं."

हंसानं विचारलं, "बाई, बेंबीवर हिरवा डाग, आनि हाच वास. असं झालं तर? घरीच. दवाखाना नाय, पेटी नाय."

"केव्हा?"

"झाली बरीच वरसं."

शहाबाईंनी कागद टेबलावर ठेवला. "तो जंतू कुठंही असतो. साठलेल्या पाण्यात, ओल्या कापडात. तेव्हाचं मी आज कसं सांगू? पण आईच्या अंगातून येत नाही तो."

गोदूबाई खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिनं टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ पाहिलं.

उठताना शहाबाई म्हणाल्या, "हे सध्या बाहेर बोलू नका. बाकीच्या आया घाबरतील. उमरोळीच्या घरच्यांना मीच सांगेन, ते आले की."

पण लाडकी त्यानंतर आली नाही. एक दिवस गेला, दोन गेले. चौथ्या दिवशी मुलीचं पोट उतरलं आणि तिनं पाय झाडले. जमना बाहेर येऊन हसली आणि मग चक्कर येऊन खाली बसली. त्या संध्याकाळी हंसा म्हणाली, "मी उमरोळीला जाऊन येते."

"कशाला?" कमलाकांत म्हणाला. "ताई, पोर अजून त्यांच्याच हातात हाय. बाई गप बसा बोलल्या ना? उद्या रागावल्या तर?"

"त्या बाईला कुनी सांगितलं नसंल."

"त्यांचं ते बघतील."

"जा, वन्सं," जमना म्हणाली. "मला कुनी येऊन सांगावं, असं मला वाटलं असतं."

सकाळी हंसा स्टेशनवर पोचली तेव्हा आई आधीच बाकावर बसलेली होती, पिशवी मांडीवर.

"पाड्यावर कुत्री असतात," गोदूबाई म्हणाली. "एकटी नको जाऊ."

*

उमरोळी तिथून पुढचंच स्टेशन. स्टेशनातून पाड्यापर्यंत तासाभराची चाल होती, कापलेल्या भाताच्या खाचरांतून. लाडकीचं घर शेवटचं. सासू नवसी अंगणात नाचणी पाखडत होती. तिनं त्या दोघींना पाणी दिलं, पण लाडकीचं नाव काढताच हात थांबला.

"मागं हाय. घरात नाय घेत मी. तिच्या अंगाला वास येतो. तिचं दुसरं पोर गेलं हे."

घरामागं एका उंबराच्या बुंध्याशी लाडकी बसली होती. समोर ताज्या मातीचा लहानसा उंचवटा, त्यावर काटेरी फांद्या. ती वाटीत दूध पिळत होती. पिळून झालं की वाटी त्या मातीवर ओती, मुंग्यांची रांग हलू देई आणि पुन्हा वाटी छातीशी धरी. हंसा समोर बसली तरी तिचा हात थांबला नाही.

"वास तिथंच व्हता," हंसा म्हणाली. "पेटीखालच्या पान्यात. त्यांना सापडला. मुंबईहून कागद आला. तुझ्या पोराच्या रक्तात तोच जंतू निघाला. पान्यातला. तुझा नाय."

लाडकीनं ऐकलं की नाही, कळेना. नवसी मागून येऊन उभी राहिली होती. "कागदाचं आमाला काय कळतंय?" ती म्हणाली. "हिच्या अंगातच काहीतरी हाय. हिच्या हातातलं पोर जगत नाय."

ते वाक्य असं परक्या अंगणात, परक्या तोंडून ऐकताना हंसाला वाटलं, ते दातिवऱ्याहून तिच्या मागोमाग चालत आलंय.

गोदूबाई उंबराला हात टेकून खाली बसली. नवसीला म्हणाली, "बस गं जरा. माझे पाय दुखतात, वर बघून बोलवत नाय."

नवसी बसली.

"मी बी हेच बोललीय," गोदूबाई म्हणाली. "सुनेला नाय. पोटच्या पोरीला. गावानं विचारलं, पोर कसं गेलं. मला म्हाइत नव्हतं. म्हाइत नाय असं सांगायची लाज वाटली, म्हनून तिचं नाव सांगितलं. एवढंच व्हतं ते. खोटं व्हतं, मला तवाच ठावं व्हतं. मंग एकोनीस वरसं ते खोटं सांभाळीत बसली. तू नको सांभाळू. लय जड होतं." तिनं लाडकीकडे हात केला. "हिचं पोर पान्यानं गेलं. हिला घरात घे."

लाडकीनं वाटी खाली ठेवली. तिनं हंसाला विचारलं, "त्याला कळलं असंल का? आपल्याला काय होतं ते?"

"नाय," हंसा म्हणाली. "तो झोपल्यासारखा व्हता."

हे खरं की नाही, तिला ठाऊक नव्हतं. लाडकी तेव्हा रडली. रडणं मोठं होतं, जनावरासारखं, आणि नवसी तिच्याकडे पाहत बसली. शेवटी नवसी उठली, वाटी उचलली, लाडकीच्या काखेत हात घातला आणि तिला घराकडे घेऊन गेली.

परतताना ऊन उतरलं होतं. स्टेशनवर माणूस नव्हतं. मायलेकी एका बाकावर बसल्या. वैतरणेकडून येणारी गाडी उशिरा होती. वारा खाडीकडून येत होता आणि त्याला मिठाचा, चिखलाचा वास होता. गोदूबाईनं मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

"हंसे," ती म्हणाली, "बाराव्या दिसाला त्याचं नाव काय ठेवनार व्हतीस?"

हंसाला आधी कळलंच नाही. एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. तिनं स्वतःही ते नाव उच्चारलं नव्हतं.

"बाबाचं," ती म्हणाली. "दामू."

गोदूबाईनं जन्मात नवऱ्याचं नाव तोंडावाटे काढलं नव्हतं. तो समुद्रात बुडाला तेव्हा किनाऱ्यावर सगळं गाव त्याच्या नावानं हाका मारत होतं, आणि ती एकटी 'अवो, अवो' एवढंच ओरडत होती. तिनं पदर डोक्यावर सारखा केला. ओठ दोनदा हलले.

"दामू," ती म्हणाली, आणि हंसाचा हात हातात घेतला.